किट लेन्सनंतर कोणती लेन्स घ्यावी? आधी बिघडलेले फोटो उघडा

भाच्याच्या बारशाला मी नवाकोरा कॅमेरा, त्याच्याबरोबर आलेल्या किट लेन्ससकट, घेऊन गेलो होतो. दहा बाय दहाची खोली, भिंतीवर एकच ट्यूबलाइट, पाळण्याभोवती बायकांची दाटी आणि बाळाला पाळण्याच्या वरून-खालून देण्याघेण्याची गडबड. दीडशेच्या आसपास फोटो काढले. रात्री लॅपटॉपवर पाहिले तेव्हा आत्याने बाळाच्या कानात नाव सांगितलं तो क्षण पार हललेला होता. बाळाच्या जागी एक गुलाबी ओरखडा तेवढा उरला होता. कॅमेऱ्याची नोंद सांगत होती: झूम ५५ एमएम, लेन्सचं तोंड एफ/५.६, शटर १/२५ सेकंद, आयएसओ (सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता) ३२००.

मग ज्याला विचारावं तो म्हणाला, "पन्नासची प्राइम घे." झूम न होणारी, एकाच ५० एमएमची ती लेन्स घेतली. लेन्स उत्तम होती, पण त्याच खोलीत पुढच्या सणाला उभा राहिलो तर पाठ कपाटाला टेकली तरी माणूस कमरेपासून वरच मावत होता. दोष लेन्सचा नव्हता. मला काय अडतंय ते नीट न बघता मी ती घेतली होती. म्हणून या लेखात लेन्सची यादी बरीच नंतर येईल. आधी आपली अडचण शोधायची, ती आकड्यांत मांडायची आणि मग दुकानात जायचं.

डीएसएलआरमध्ये (आत आरसा असलेल्यांत) कॅननचे १५००डी, २००डी, निकॉनचे डी३५००, डी५६००, किंवा मिररलेसमध्ये (आरसा नसलेल्यांत) सोनीचा ए६४००, कॅननचा आर५०, निकॉनचा झेड५० यांपैकी एखादा कॅमेरा तुमच्याकडे असेल असं धरून लिहितो आहे. हे सगळे एपीएस-सी, म्हणजे फिल्मच्या आकारापेक्षा लहान सेन्सरचे कॅमेरे आहेत.

पायरी १: बिघडलेल्या फोटोंची पंचनामा-वही

चांगले फोटो बाजूला ठेवा. गेल्या वर्षभरातले, मनाला लागलेले पन्नास बिघडलेले फोटो एका फोल्डरमध्ये गोळा करा. डिलीट करून टाकले असतील तर इथून पुढे दोन महिने एकही खराब फोटो डिलीट करू नका, कारण तीच तुमची खरी माहिती आहे.

विंडोजमध्ये फोल्डर 'डिटेल्स' स्वरूपात उघडा. वरच्या रकान्यांच्या नावावर राइट क्लिक करून 'मोअर'मध्ये जा आणि फोकल लेन्थ (लेन्सचा एमएममधला आकडा), एफ-स्टॉप, एक्स्पोजर टाइम, आयएसओ स्पीड हे चार रकाने जोडा. लाइटरूम क्लासिक वापरत असाल तर लायब्ररीतल्या मेटाडेटा फिल्टरमध्ये कोणत्या फोकल लेन्थला किती फोटो काढले ते आकड्यासकट दिसतं.

आता प्रत्येक फोटोपुढे एकच शब्द लिहा: हललेला, कणदार, न मावलेला, लांब राहिलेला, मागची गर्दी, किंवा बारीक वस्तू जवळून आली नाही. पन्नासांत कोणता शब्द सगळ्यात जास्त वेळा आला, त्यावर पुढचा सगळा निर्णय उभा राहतो.

'हललेला' या शब्दापाशी जरा थांबा, कारण त्यात दोन वेगळे आजार आहेत. सगळी फ्रेम एकाच दिशेला सरकलेली दिसत असेल, भिंतीवरचं कॅलेंडरसुद्धा, तर तुमचा हात हलला. कॅलेंडर स्वच्छ आणि मुलाचा हात तेवढा पुसट असेल, तर मूल हललं. पहिल्याला लेन्समधलं स्टॅबिलायझेशन मदत करतं. कॅनन त्याला आयएस म्हणतं, निकॉन व्हीआर, सिग्मा ओएस आणि टॅमरॉन व्हीसी. दुसऱ्याला त्याचा काडीचाही उपयोग नाही. पळणारं मूल थांबवायला शटरच वेगवान हवं, आणि त्यासाठी उजेड हवा. दुकानात "याला स्टॅबिलायझेशन आहे, हलणार नाही" असं सांगून लेन्स गळ्यात मारली जाते. हा फरक ठाऊक असेल तर पैसे वाचतात.

पायरी २: उजेडाचं गणित

डीएसएलआरच्या किट लेन्सवर सहसा १८-५५ एमएम आणि १:३.५-५.६ असं लिहिलेलं असतं. म्हणजे १८ला तिचं तोंड एफ/३.५ इतकं उघडतं, पण झूम करून ५५ला गेलात की एफ/५.६च्या पुढे उघडत नाही. घरात चेहरा जवळ आणायला आपण नेमकं झूम करतो आणि नेमका तेव्हाच उजेड कमी होतो. मिररलेसबरोबर येणाऱ्या छोट्या किट लेन्स तर आणखी अंधाऱ्या आहेत. आर५०ची १८-४५ एमएम शेवटच्या टोकाला एफ/६.३वर येते, झेड५०ची १६-५० एमएमही तशीच. आकाराने लहान आणि वजनाने हलक्या असण्याची ती किंमत आहे.

एफचा आकडा निम्मा झाला की उजेड चौपट होतो. एफ/५.६वरून एफ/२.८वर आलात की चौपट उजेड, आणि एफ/१.८वर आलात की जवळजवळ दहापट. माझ्या बारशाच्या फोटोला हे लावून बघू. एफ/५.६ला १/२५ मिळत होतं. एफ/२.८ असतं तर १/१०० मिळालं असतं, एफ/१.८ असतं तर साधारण १/२५०, आणि आयएसओ तोच. बाळाला हातातून हातात देतानाची हालचाल १/१००ला थोडी दिसली असती, १/२५०ला थांबली असती. लेझीम किंवा ढोल-ताशा असेल तर १/५००च्या आसपास जावं लागतं.

दहापट उजेड फुकट मात्र मिळत नाही. ५० एमएमला दोन मीटरवरच्या माणसावर एफ/५.६ने फोकस केलं तर साधारण एका फुटाचा पट्टा स्पष्ट येतो. एफ/१.८ला तो जेमतेम ११ सेंटीमीटर उरतो. मांडीवर नातू घेतलेल्या आजीचा फोटो काढा: नातवाचे डोळे स्पष्ट, आजीचा चेहरा धूसर. ज्यांना मागची गर्दी पुसायची आहे त्यांना हेच हवं असतं, पण कौटुंबिक फोटोत त्याच गुणाचा जाच होतो. तीन-चार माणसं असतील तर एफ/४ला जावंच लागतं, आणि मग त्या दहापट उजेडातला बराचसा परत द्यावा लागतो.

आणखी एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे ट्यूबलाइट आणि स्वस्त एलईडी दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. नव्या लेन्सच्या आनंदात तुम्ही शटर १/५००वर नेता आणि फोटोत आडवे पट्टे किंवा विचित्र पिवळट रंग येतो. लेन्स खराब नाही. अशा दिव्यांखाली १/१०० किंवा १/५० ठेवा, किंवा कॅमेऱ्यात अँटी-फ्लिकरची सोय असेल तर ती सुरू करा.

पायरी ३: खोली मोजा, रिंगला पट्टी लावा

हे करायला एक टेप आणि इलेक्ट्रिशियनची चिकटपट्टी पुरते.

पाच फूट आठ इंच उंचीचा माणूस, डोक्यावर आणि पायाखाली थोडी जागा सोडून, उभ्या फ्रेममध्ये मावायला एपीएस-सी कॅमेऱ्याला साधारण एवढं अंतर लागतं: ५० एमएमला १४ फूट, ३५ एमएमला साडेनऊ ते दहा फूट, २४ एमएमला सात फुटांच्या आत. दहा बाय दहाच्या खोलीत कपाट आणि पलंग वजा केला की हातात सात-आठ फूट उरतात. पन्नासची लेन्स तिथे का अडली, हे मला आकडे मांडल्यावरच कळलं. सगळे जिची शिफारस करतात ती ५० एमएम फिल्मच्या आकाराच्या फुल फ्रेम कॅमेऱ्यांवर 'नॉर्मल' होती. आपल्या लहान सेन्सरवर ती निकॉन-सोनीला ७५ आणि कॅननला ८० एमएमसारखी वागते. चेहऱ्यासाठी छान, खोलीसाठी अरुंद.

आता किट लेन्स ३५वर आणा, झूमच्या रिंगला चिकटपट्टी लावा आणि एक आठवडा तशीच वापरा. पुढचा आठवडा ५०वर. तिसरा २४वर. कुठल्या आठवड्यात पट्टी काढायचा मोह सगळ्यात कमी झाला ते वहीत लिहा. हा प्रयोग मी नंतर कित्येक मित्रांना करायला लावला. पन्नास घ्यायला निघालेल्यांपैकी बरेचजण पस्तीस किंवा चोवीसवर थांबले.

पायरी ४: लेन्सवर खापर फोडण्याआधी

तुमचे बहुतेक फोटो उन्हातले, गडकिल्ल्यांवरचे, निसर्गाचे असतील तर बहुधा तुम्हाला नवी लेन्स नको आहे. किट लेन्स एफ/८ला, ट्रायपॉडवर, जितकी स्वच्छ रेघ काढते ती बघून अनेकांना आश्चर्य वाटेल. सकाळी सहाला राजगडाच्या बालेकिल्ल्यावर हातात कॅमेरा धरून एफ/३.५ला काढलेल्या फोटोचे कोपरे मऊ आले, तर आधी ट्रायपॉड घ्या. पावसाळ्यात ओल्या पानांवरची आणि कातळांवरची चकाकी मारायला पोलरायझर घ्या. कॅननच्या १८-५५ला तो ५८ एमएमचा लागतो, निकॉनच्या एएफ-पी १८-५५ला ५५चा. लेन्सवर दुकानदाराने फुकट दिलेला यूव्ही फिल्टर असेल तर तो काढून दहा फोटो काढा. रात्रीच्या फोटोत दिव्यांची हिरवी भुतं दिसायची ती अनेकदा त्या काचेचीच असतात.

आणि रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये, काढा. जेपेगमध्ये आयएसओ ३२००चा फोटो जितका वाईट दिसतो तितका तो रॉमध्ये नसतो.

पायरी ५: तुमच्या शब्दाप्रमाणे लेन्स

*हललेला आणि कणदार, तोही घरात.* निकॉन डीएसएलआर असेल तर एएफ-एस डीएक्स ३५ एमएम एफ/१.८जी. ही २००९पासूनची लेन्स आहे, वजन २०० ग्रॅम, आणि सेकंड हँडमध्ये सहज मिळते. माझ्या मते तिच्या तोडीची पहिली प्राइम दुसरी नाही. कॅनन डीएसएलआरला त्या भावात तशी ३५ नाही, ही खरी अडचण आहे. तिथे ईएफ-एस २४ एमएम एफ/२.८ एसटीएम बघा: १२५ ग्रॅमची चपटी लेन्स, खोलीत माणसं मावतात, उजेड मात्र एफ/२.८चाच. चेहरेच काढायचे असतील तर ईएफ ५० एमएम एफ/१.८ एसटीएम. निकॉन झेडला २४ एमएम एफ/१.७ ही १३५ ग्रॅमची डीएक्स लेन्स आहे. सोनीला सिग्माची ३० एमएम एफ/१.४ बरीच वर्षं लोकप्रिय आहे.

*लग्नं, मुंजी, बारशी, म्हणजे जिथे क्षण परत येत नाही.* इथे मी प्राइम सुचवत नाही. अंतरपाट खाली येतो, अक्षता उडतात, हार पडतो, हे सगळं काही सेकंदांत घडतं. त्यात एकदा दोघं हवीत, एकदा चेहरा, एकदा सगळा मांडव. लेन्स बदलायला वेळच नसतो. इथे संपूर्ण झूमभर एफ/२.८ देणारी लेन्स हवी, आणि किट लेन्सची जागा खऱ्या अर्थाने तीच घेते. डीएसएलआरसाठी सिग्माची १७-५० एमएम एफ/२.८ ओएस. वजन ५६५ ग्रॅम, फिल्टर ७७ एमएमचा. नवी मिळणं कठीण झालं आहे, पण जुन्या बाजारात भरपूर फिरते. टॅमरॉनची स्टॅबिलायझेशन नसलेली १७-५० त्याहून हलकी आणि स्वस्त. तिची मोटर आवाज करते आणि मंगलाष्टकांच्या व्हिडिओत तो आवाज येतो, पण फोटो स्वच्छ देते. सिग्माची १८-३५ एमएम एफ/१.८ मी काही दिवस वापरली. काच म्हणून अप्रतिम, पण ८१० ग्रॅम गळ्यात घेऊन दिवसभर लग्नात फिरणं मला जमलं नाही, आणि ३५ला ती संपते.

मिररलेसवाल्यांसाठी सिग्माची १८-५० एमएम एफ/२.८ ही गेल्या काही वर्षांतली सगळ्यात सोपी शिफारस आहे. फक्त २९० ग्रॅम. सोनीसाठी ती २०२१मध्ये आली, आणि २०२४पासून कॅननच्या आरएफ माउंटलाही (मिररलेसवर लेन्स बसवायच्या जोडणीला) मिळू लागली. तिच्यात स्टॅबिलायझेशन नाही, आणि ए६४०० किंवा आर५०च्या बॉडीतही नाही. फोटोला त्याने फारसं बिघडत नाही, पण हातात धरून चालत व्हिडिओ काढणाऱ्यांना ते फार जाणवेल. त्यांनी सोनीवर टॅमरॉनची १७-७० एमएम एफ/२.८ बघावी. ती ५२५ ग्रॅमची आहे, पण तिच्यात व्हीसी आहे आणि ७०पर्यंतचा पल्ला मांडवात खूप उपयोगी पडतो.

*न मावलेला.* वाड्याचा चौक, देवळाचा सभामंडप, कोकणकड्याची अर्धवर्तुळाकार भिंत. कॅननची ईएफ-एस १०-१८ एमएम ही २४० ग्रॅमची लेन्स बॅगेत आहे हे जाणवतसुद्धा नाही. निकॉनची तशीच एएफ-पी १०-२० आहे. पण वाइड लेन्स घेणाऱ्या ट्रेकर मित्रांना मी एक विचारतो: तुला कडा जवळून काढायचा आहे की डोंगरांच्या रांगा? वाइडने लांबच्या रांगा मुंग्यांएवढ्या होतात. पहाटेच्या धुक्यातल्या एकामागे एक निळ्या रांगा काढायला ५५-२५० एमएमची लेन्स कामाची. अजिंठ्यासारख्या ठिकाणी, जिथे आत फ्लॅश चालत नाही आणि उजेड अगदी मंद ठेवलेला असतो, तिथे १०-१८चं एफ/४.५ तोकडं पडतं. तिथे मिररलेसवर सिग्माची १६ एमएम एफ/१.४ असेल तर भिंतीवरचे रंग खरे उतरतात.

*लांब राहिलेला.* भिगवणला उजनीच्या बॅकवॉटरमध्ये होडीतून फ्लेमिंगो काढायचे असतील तर कॅननची ५५-२५० एसटीएम (३७५ ग्रॅम) किंवा निकॉनची एएफ-पी ७०-३०० व्हीआर पुरते. सकाळचा उजेड असतो, पक्षी मोठा असतो आणि थवा फ्रेमभर मिळतो. खंड्याएवढा छोटा पक्षी किंवा ताडोबातला पहाटेचा वाघ म्हटलं की गोष्ट बदलते. त्यासाठी सिग्मा किंवा टॅमरॉनच्या १५०-६०० लागतात, आणि त्या दोन किलोच्या आसपास भरतात. वर्षातून एकदा सफारीला जाणाऱ्याने ती विकत घेऊ नये. भाड्याने घ्यावी, आणि जिप्सीच्या कठड्यावर टेकवायला बीन बॅग न्यावी.

*बारीक वस्तू.* कासच्या पठारावर सीतेची आसवं किट लेन्सने काढली तर निळा ठिपका येतो. खरी मॅक्रो लेन्स वस्तू सेन्सरवर जशीच्या तशी, एकास एक आकारात उतरवते. टॅमरॉनची ९० एमएम किंवा कॅननची १०० एमएम मॅक्रो ही जुनी, भरवशाची नावं आहेत. एकास एकला एफ/८वरसुद्धा एक मिलिमीटरहून कमी भाग स्पष्ट येतो, त्यामुळे आंबोलीच्या पावसाळी रात्री बेडूक काढायला फ्लॅश आणि कापडाचा डिफ्यूझर यांचा खर्चही लेन्सबरोबर धरा. हात आखडता असेल तर ५० एमएमच्या मागे लावायच्या एक्स्टेन्शन ट्यूब घ्या. त्यांत काच नसते, नुसती पोकळ नळी असते, म्हणून स्वस्त. फक्त कॅमेऱ्याशी जोडणारे धातूचे बिंदू असलेल्याच घ्या. नाहीतर ऑटोफोकस नाही आणि अॅपर्चरही (लेन्सचं तोंड) बदलता येत नाही. आणि कासला फोटोसाठी फुलांवर आडवं झोपू नका. एका चांगल्या फोटोपायी शंभर रोपटी मोडतात.

पायरी ६: माउंट आणि मोटर

इथे चूक झाली तर लेन्स शोपीस होते. निकॉनच्या डी३००० आणि डी५००० मालिकेतल्या बॉडीत फोकसची मोटर नाही. जुन्या बाजारात '५० एमएम एफ/१.८डी' स्वस्तात दिसते. ती या कॅमेऱ्यांवर बसते, पण फोकस हाताने करावा लागतो. एएफ-एस किंवा एएफ-पी लिहिलेलीच घ्या. उलट डी९० किंवा डी३१०० यांसारख्या जुन्या बॉडीवर एएफ-पी लेन्सचा फोकस चालत नाही.

कॅननची ईएफ-एस (एपीएस-सीसाठी बनवलेली) लेन्स फुल फ्रेम डीएसएलआरवर बसत नाही. ईएफ आणि ईएफ-एस दोन्ही लेन्स अॅडॉप्टर लावून आरएफ मिररलेसवर ऑटोफोकससह चालतात. निकॉनच्या एफटीझेड अॅडॉप्टरवर एएफ-एस आणि एएफ-पी चालतात, पण वरच्या त्या 'डी' लेन्सना तिथेही मोटर मिळत नाही.

"पुढे फुल फ्रेम घेणार आहे, म्हणून आत्ताच २४-७० घेऊन ठेवतो," असं खूपजण म्हणतात. एपीएस-सीवर २४-७० घरातल्या गर्दीत अरुंद पडते, महाग असते, जड असते, आणि ती फुल फ्रेम बॉडी कित्येकदा येतच नाही. आज हातात आहे त्या कॅमेऱ्यासाठी लेन्स घ्या.

पायरी ७: दोन दिवस भाड्याने

मुंबई-पुण्यात आणि इतर मोठ्या शहरांत दिवसाच्या भाड्याने लेन्स मिळतात. ओळखपत्र आणि डिपॉझिट लागतं. दुकानातच, माणसासमोर, लेन्सच्या दोन्ही काचा, रिंग आणि सिरियल नंबर यांचा मोबाइलवर व्हिडिओ काढा. घरी नेल्यावर फोटोंची हौस भागवण्याआधी तुमच्या वहीतला सगळ्यात बिघडलेला फोटो पुन्हा काढायचा प्रयत्न करा. तीच खोली, तोच दिवा, तीच वेळ. जमला तर लेन्स बरोबर. नाही जमला तर भाड्याएवढ्या पैशांत मोठी चूक टळली.

पायरी ८: जुनी लेन्स हातात घेतल्यावर

मुंबईत फोर्टातल्या गल्ल्यांमध्ये आणि ऑनलाइन बाजारात जुन्या लेन्सचा मोठा साठा आहे. लोक डीएसएलआर सोडून मिररलेसकडे वळत आहेत, त्यामुळे डीएसएलआरवाल्यांसाठी हा काळ फार चांगला आहे. पण आपल्या हवेत, विशेषतः मुंबई, कोकण आणि गोव्यात, बुरशी हा लेन्सचा मोठा शत्रू आहे. मीही एकदा कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी असलेली टेलिफोटो घेऊन बसलो. दुकानातल्या उजेडात ती दिसलीच नाही.

म्हणून छोटी टॉर्च न्या. मागच्या बाजूने तिरका उजेड आत टाका आणि पुढून बघा. धुळीचे चार कण दिसले तर घाबरू नका, फोटोत काही दिसत नाही. बारीक फांद्यांसारखी जाळी दिसली, किंवा आत दुधी धुकं दिसलं, तर कितीही स्वस्त असो, परत द्या. अॅपर्चरच्या पाकळ्यांवर तेलाची चमक नको. झूमची रिंग मध्येच अडखळायला नको.

मग आपली बॉडी लावून दोन चाचण्या करा. विटांच्या किंवा फरशीच्या भिंतीसमोर अगदी सरळ उभं राहून लेन्स पूर्ण उघडी ठेवून फोटो घ्या आणि चारही कोपरे मोठे करून बघा. सगळे सारखेच थोडे मऊ असतील तर चालेल. एकच बाजू पुसट असेल तर लेन्स कधीतरी पडलेली आहे. दुसरी चाचणी डीएसएलआरसाठी: वर्तमानपत्र टेबलावर पसरा, तिरकं उभं राहा, मधल्या एका मथळ्यावर फोकस करा. त्याच्या पुढची किंवा मागची ओळ जास्त स्पष्ट आली तर फोकस सरकलेला आहे.

नवी घेताना 'इंपोर्टेड, बिल नको' म्हणणाऱ्याकडे वॉरंटी भारतात चालते का ते विचारा, आणि जीएसटी बिलावरचा सिरियल नंबर लेन्सवरच्या नंबराशी ताडून बघा.

पायरी ९: लेन्स घरी आल्यावर

पहिले पंधरा दिवस एफ/१.८ची हौस थोडी आवरा. एफ/२.२ला काढा, फोकस एकाच बिंदूवर ठेवा आणि तो बिंदू जवळच्या डोळ्यावर. शटर १/१२५च्या (लुकलुकत्या दिव्यांखाली १/१००च्या) खाली जाऊ नये असं ऑटो आयएसओमध्ये बसवून ठेवा. ती सोय नसेल तर शटर प्रायॉरिटी वापरा.

पावसाळ्यात लेन्स कपाटात कातडी पाऊचमध्ये ठेवू नका. कातडं ओल धरतं आणि तिथूनच बुरशी येते. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, त्यात सिलिका जेलच्या पुड्या आणि एक छोटं आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांमध्ये राहिला पाहिजे. जेलचा रंग बदलला की वाळवून परत ठेवा. तांदळाच्या डब्यात ठेवू नका, पीठ आत जातं. डांबराच्या गोळ्याही नकोत. आणि लेन्स वापरत राहा. वर्षभर बंद पडून राहिलेल्या लेन्सला बुरशी लवकर गाठते.

किट लेन्स विकायच्या फंदात पडू नका. तिला भाव मिळत नाही, आणि काही दिवस असे असतात की दुसरी लेन्स न्यावीशीच वाटत नाही. सोमवती अमावस्येला जेजुरीला गेलात तर भंडारा हवेत असा भरलेला असतो की झूम पुढे-मागे करताना तो लेन्समध्ये ओढला जातो, आणि तिथे लेन्स बदलायला बॉडी उघडली तर सेन्सर पिवळा झालाच म्हणून समजा. मी तिथे किट लेन्सच लावून जातो: प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळलेली, सांध्यांवर चिकटपट्टी, झूम १८वर पक्का. खाली उतरून कॅमेरा पुसेपर्यंत लेन्स काढत नाही.